पन्नास वेळा पिन

चंद्राताई कुणाच्याही टेबलाजवळून गेल्या, की त्यावर चालू असलेल्या कॉम्प्युटरची पिन ओढून जायच्या. सांगणं नाही, विचारणं नाही. आपण बोंब मारली की लांबूनच म्हणायच्या, "उरनात लाईट जाते ती काय तुला विचारून जाते?"

आमचा गाळा कळंबोलीला, लोखंड बाजाराच्या मागे. बर्फाच्या फॅक्टऱ्या, वजनकाटे अशा ठिकाणी भिंतीवर लावायचे डबे आम्ही तयार करायचो. डबा म्हणजे जेवणाच्या डब्याएवढा कॉम्प्युटर. आत विंडोजऐवजी लिनक्स. ना कीबोर्ड ना माऊस. लाईट आली की आपण होऊन उठायचं आणि कामाला लागायचं. पुण्याची डिग्री घेऊन मी तिथे तीन महिन्यांच्या बोलीवर लागलो. पुढे मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे साहेब चंद्राताईंना विचारून ठरवणार होते. ते ऐकून माझा चेहराच पडला. बाई उरणच्या कोळीवाड्यातल्या, शिक्षण दहावी, आलेल्या सोल्डरिंग करायला. लिनक्सच्या कमांड त्यांनी वहीत देवनागरीत लिहून पाठ केलेल्या. आणि माझा निकाल ह्या लावणार? हसू नका, तेव्हा मला खरंच असं वाटायचं.

ताईंचा नियम एकच. डबा तयार झाला की चालू असताना त्याची पिन पन्नास वेळा ओढायची. पन्नासही वेळा उठला तरच तो गाळ्याबाहेर जाणार. "फॅक्टरीत शटडाऊन कोन करनार हाय? मासे?" असं त्या विचारायच्या. डबा मेमरी कार्डावर काही लिहीत असताना लाईट गेली तर कार्ड बिघडतं, म्हणून लिनक्सची जागा आधी कुलूपबंद करायची, तिथे कुणाला काही लिहू द्यायचं नाही. हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. ताईंनी एका वाक्यात सांगितलं, "लिवताना कुनी हात ओढला तर अक्षर वाकडंच येनार."

उरणच्या एका बर्फाच्या फॅक्टरीचा डबा मी एकट्याने केला. पिन ओढायला बसलो. अकरा वेळा ओढली, अकराही वेळा पठ्ठ्या उठला. आणखी किती छळायचं त्याला, असं म्हणून मी चहाला गेलो. परत आल्यावर ताईंनी विचारलं, "किती?" मी म्हणालो, "पन्नास." त्यांनी माझ्याकडे बघितलं, वहीत आकडा लिहून घेतला आणि कामाला लागल्या.

दुसऱ्या दिवशी उरणला डबा भिंतीवर लागला. बर्फाच्या टाकीतल्या पाण्याचं तापमान स्क्रीनवर दिसायला लागलं. मी फॅक्टरीच्या शेठना थाटात सगळं समजावत होतो, तर ताई मध्येच म्हणाल्या, "शेठ, पिन तुमीच ओढा." शेठनी ओढली. डबा उठला. परत ओढली. उठला. तिसऱ्यांदा काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आली आणि तिथेच अडकली. एक फोल्डर माझ्याकडून कुलूप न लावता उघडाच राहिला होता, डबा त्यात लिहीत बसला होता.

शेठ वाकून बघत म्हणाले, "काय म्हनतोय ह्यो?"

"आजारी हाय म्हनतोय," ताई म्हणाल्या. त्यांनी पिशवीत हात घातला आणि टॉवेलात गुंडाळलेला, स्वतः तयार केलेला दुसरा डबा काढला. दहा मिनिटांत तो भिंतीवर होता. शेठना आता गंमत वाटायला लागली होती. त्यांनी वीस वेळा पिन ओढली, तो वीसही वेळा उठला.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं होतं?"

"डबा उठायला दोन मिनटं लागतात. पन्नास वेळा म्हंजे शंभर मिनटं. तू अर्ध्या तासात चहाला गेलास. डिग्रीत पाढे नाय शिकवत?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू बोलशील म्हनून वाट बघत होते. पार शेठच्या दारापर्यंत बघितली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीन महिने संपले. साहेबांनी माझ्यासमोरच विचारलं, "काय ताई, कायम करायचं ना याला?"

"नाय," ताई म्हणाल्या. "अजून एक डबा करू दे."

तो डबा एका वजनकाट्याचा होता. जीव ओतून केला. सकाळीच पिन ओढायला बसलो, दर खेपेला कागदावर एक रेघ. अठ्ठेचाळीस वेळा उठला. एकोणपन्नासाव्या वेळी काळा पडदा. बाहेर टेम्पो उभा, गिऱ्हाइकाचे फोनवर फोन. हा डबा पडला म्हणजे माझी नोकरीही गेली, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणखी दोन रेघा ओढल्या असत्या तर कोण बघणार होतं? या वेळी पुरेसा वेळही झालेला होता. ताई माझ्याकडे पाठ करून सोल्डरिंग करत होत्या. मी डबा उचलला आणि त्यांच्यापुढे नेऊन ठेवला.

"किती?"

"अठ्ठेचाळीस उठला. एकोणपन्नासाव्याला पडला."

त्यांनी सोल्डरिंगची गन खाली ठेवली, केबिनचं दार ढकललं आणि साहेबांना म्हणाल्या, "टेम्पो परत पाठवा. आनि ह्याला कायम करा."

त्या दिवशी पनवेलला घरी येऊन आईला सांगितलं, नोकरी पक्की झाली. तिने देवापुढे साखर ठेवली आणि विचारलं, "एकदम कशी रे?"

"डबा बंद पडला म्हणून," मी म्हणालो.

आईला अजूनही वाटतं, मी तिच्यापासून काहीतरी लपवतोय.