आत्याची उडी

मार्गशीर्षातल्या दुपारी तलवाड्याच्या शिवारात ज्वारीच्या कोवळ्या ताटांचा ओलसर, गोडसर गंध तरंगत असतो. केजहून एसटीने आणि पुढे जीपने आलेली मी त्या गंधातून आत्याच्या घराकडे चालले होते.

आत्या सतरा वर्षांची असताना तिच्या माहेराजवळ, बालाघाटातल्या एका धबधब्यापाशी, साहसपटाचं चित्रीकरण झालं होतं. नायिकेला पोहता येत नव्हतं. म्हणून विहिरीत पोहून तरबेज झालेल्या आत्याला तिचे कपडे चढवून कड्यावरून डोहात उडी मारायला लावली, असं आत्या सांगे. दिवाळीनंतर सारं घर ऊसतोडीला गेलेलं, आत्यासोबत मागे उरलेल्या म्हाताऱ्यांना कडा चढवत नव्हता. साक्षीला कुणीच नाही. पुढे तंबूतल्या पडद्यावर सगळ्यांनी तो चित्रपट पाहिला, तेव्हा दिसली ती निमिषभर एक पाठमोरी आकृती, आणि मग नायिकेचा ओला, हसरा चेहरा. तेव्हापासून आमच्याकडे कुणी थाप मारली की ‘आत्याची उडी’ म्हणायची रीतच पडली. माझ्या लग्नात, आत्याच्या सासरच्या माणसांसमोर, मीही हसत हसत तेच म्हणाले. त्यानंतर आत्याने ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही.

परवा मोबाइलवर जुन्या साहसपटांच्या पडद्यामागच्या गमती सांगणारी एक चित्रफीत पाहत होते. रबराचे अजगर, मिठाचा बर्फ, मडक्यात तोंड घालून काढलेली वाघाची डरकाळी, आणि अचानक एक वृद्ध कॅमेरा-साहाय्यक त्याच चित्रपटाचं नाव घेऊन म्हणाला, “ती उडी नायिकेची नव्हेच. तिथल्या खेड्यातली एक मुलगी होती. दोनदा मारली तिने. नाव विचारायचं राहून गेलं.”

आत्या अंगणात हरभऱ्याचा पाला वाळत घालत होती. उन्हात त्याचा आंबूस वास पसरला होता. मी तिच्याशेजारी बसून ती चित्रफीत लावली. तिने ती शांतपणे शेवटपर्यंत ऐकली.

“आत्या, तू खरंच सांगत होतीस. लग्नात मी फार वाईट बोलले. चुकलं माझं.”

ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, “खरं हाय ते मला ठावंच व्हतं की गं.” मग पाला पसरणारा हात थांबला. “पर त्यो म्हातारा चुकला. दोनदा न्हाई, तीनदा.”

“तिसऱ्यांदा कशाला?”

“त्यांचं काम झालतं. क्यामेरा पेटीत गेलता, मंडळी सामान बांधत व्हती. त्या बाईचे कपडे मी वापस केले, माझं परकर-पोलकं घातलं, आन् परत वर गेलते. माझी मी उडी मारली. लई झ्याक वाटलं.”

तिच्या सुरकुतल्या चेहऱ्यावर मी कधीच न पाहिलेलं काहीतरी उजळून गेलं. इतकी वर्षं आम्ही त्या उडीचा पुरावा मागत राहिलो. उडी मारणारीला मात्र कुणी काही विचारलंच नव्हतं. मी मोबाइल बाजूला ठेवला.

“वरून खाली बघताना काय दिसत होतं गं?”

आत्याने डोळे मिटले, आणि ती पहिल्या उडीपासून सांगू लागली.