पासिंगचं चाक

माझ्या फटफटीला सोळा वर्षं झालती न् मला पन्नास. गाडी तेल पीत हुती, मी चहा. चढाला दोघं बी सारखंच धापा टाकायचो. धारूरच्या घाटाच्या वरच्या तोंडाला आमची वाडी हाय. घरी पाच म्हशी. रोज सकाळी दोन क्यान दूध गाडीला दोन्ही अंगाला लटकवायचं, घाट उतरायचा, डेरीत घालायचं न् परत वर यायचं. उतरताना ब्रेक म्हंजे माझा पाय. वळण आलं की टाच डांबरावर घासायची. लोकं ब्रेकचे लायनर बदलतेत, मी चपला बदलायचो. पुढचा ब्रेक तर आमच्याकडं कुनी वापरतच न्हाई. पुढचा दाबला की मानूस तोंडावर पडतो, आसं समद्यांना बापानं सांगितलेलं. म्हनून गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात पुढच्या ब्रेकची वायर ढिली करून घ्यायची, ही आमची रीत. मी बी केली. वर शाना म्हनवून घेतलं.

गाडीला पंधरा वर्षं झाली की परत पास करावी लागती, हे ठावं हुतं. पन आधी पासिंग म्हंजे गाडी घरी न् कागद गावाला. एजंट यायचा, हँडलखाली नंबर आसतो त्याच्यावर पातळ कागद धरून पेन्सिल घासायचा, छाप उमटला की झाली गाडी पास. माझ्या थोरल्या भावाची गाडी बाभळीखाली आडवी पडलेली, चाकं काढून न्हेलेली, टाकीखाली कोंबडी अंडी घालायची. ती बी पास झाली. कोंबडीसकट.

मग नियम बदलला. गाडी सोताच्या पायानं न्यायची. तिथं चाक रोलरवर चढवायचं, ब्रेक दाबायचा, मशीन आकडा दावती. आकडा बसला तर पास, न्हाई तर घरी. वर फोटू बी काढतेत, गाडीचा न् तुमचा. चहाच्या हाटेलात लई चर्चा झाली. एक म्हातारा म्हनला, "मान्साला चहा पाजता येतो, मशीनला काय पाजता बे?"

तवा मी तोंड उघडलं. माझं तोंड म्हंजे फाटका बारदाना, कदी काय गळंल सांगता येत न्हाई. मी म्हनलो, "गावात लग्नाचं मोठं पातेलं एकच हाय का न्हाई? ज्याच्या घरी लगीन त्यो न्हेतो, घासून परत आनून देतो. तसं आपल्या ग्यारेजच्या मिस्त्रीनं एक चाक करून ठेवावं. पासिंगचं चाक."

समदे हासले. मिस्त्री हासला न्हाई. त्यो माझ्याकडं बघत बसला.

पंधरा दिवसांत चाक तयार. मागचं चाक, नवा टायर, नवे लायनर, ड्रम आरशावानी. आमच्या पाच वाड्यांत बहुतेक एकाच मॉडेलच्या गाड्या, त्यामुळं त्ये चाक समद्यांना बसायचं. ज्याचं पासिंग त्यानं आपलं चाक मिस्त्रीकडं ठेवायचं, ह्ये घालायचं, पुढची वायर त्या दिवसापुरती आवळून घ्यायची, पास करून यायचं न् घरी जायच्या आधी मिस्त्रीच्या दारात थांबून चाक परत द्यायचं. एका चाकावर पाच वाड्या पास होत हुत्या. लोकं मला रस्त्यात हात करायचे. जल्मात पयल्यांदा माझी आक्कल कुनाच्या तरी उपेगी पडलती.

माझी पाळी आली. रोलरवर गाडी चढवली, ब्रेक दाबला, आकडा आला. तिथला साहेब म्हनला, "गाडी जुनी आहे, पण ब्रेक चांगला ठेवलाय तुम्ही." मी छाती फुगवली. दुसऱ्याच्या चाकावर.

येताना एक कुत्रं आडवं आलं. सवयीनं मी समदं वजन टाकून पाय दाबला. गाडी जागच्या जागी हुबी. मी सरकून टाकीवर. कुत्रं बी बघत ऱ्हायलं. सोळा वर्षं गाडी चालवत हुतो, पन गाडी थांबती ह्ये मला त्या दिशी कळलं. छातीत धडधड झाली, न् ती पडलो आसतो म्हनून न्हवती. आजवर कसा वाचलो, ह्याची हुती.

मिस्त्रीनं चाक काढून घेतलं, माझं घातलं, पुढची वायर ढिली केली. म्हनला, "लायनर तरी नवे टाकू का? तुझ्या गाडीत पत्र्याला पत्रा घासतोय."

"कशाला," मी म्हनलो, "कागद पाच वर्षांचा हाय. पाच वर्षं ब्रेकला काय होतंय?"

ह्येच्यावर मी सोताच लई हासलो.

आठवडाभरानं माझा मेव्हना आला. बायकोचा धाकटा भाऊ, ऱ्हातो सिरसाळ्याला, शाळेची बस चालवतो. बारा वर्षं झाली, त्याच्या बसला कदी साधा ओरखडा न्हाई. लेकरं बसल्याबिगर गेर टाकत न्हाई आसला मानूस. जेवला, बहिणीसंगं बोलला, न् निघताना कळलं की यष्टी गेली. दुपारच्या पाळीला शाळेत पोचायचं हुतं.

"माझी गाडी घिऊन जा," मी म्हनलो. "मी उद्या येतो न्ह्यायला."

त्यो गाडीभवती फिरला. ड्रायव्हर मानूस, टायर दाबून बघितला. "दाजी, ब्रेक कसा हाय? घाट हाय."

मी आत गेलो न् कागद घिऊन आलो. पिशवीतून काढून त्याच्या म्होरं धरला. "वाच. मशीननं पास केलंय. साहेब म्हनला, ब्रेक चांगला ठेवलाय."

त्यानं वाचलं. मला वाचता येत न्हाई, पन मान्साचं तोंड वाचता येतं. त्याचं तोंड सैल पडलं. त्येला कागदाची सवय. रोज बसचे कागद बघून मग किल्ली फिरवनारा त्यो. त्यानं किक मारली.

आता सांगायचं ह्ये की मला एवढंच म्हनायचं हुतं, "वळणावर टाच घासत जा." चार शब्द. जिभेवर आलते. पन आत्ताच कागद दावून बसलो हुतो, लगेच टाच कशी सांगू? त्याच्या पायात बूट हुते, नाड्या कसून बांधलेले. बायको दारातून म्हनली, "हळू जा रं." मी म्हनलो, "आगं जाऊ दे, पोलादी गाडी हाय." गाडी वळणाआड गेली. आवाज बराच येळ येत ऱ्हायला. म्हशीला पानी दावायला गेलो, पन कान घाटाकडंच.

फोन एका टेम्पोवाल्याचा आला. तिसरं वळण. मी पळत उतरलो. चप्पल तुटली, तसाच.

रस्त्यात मेंढरं हुबी हुती. शंभरेक आसतील, एक बी आवाज न्हाई, एक बी हालत न्हाई. मधी घोंगड्यावर म्हातारा मेंढक्या कुशीवर पडलेला. खुबा मोडलाय ह्ये न सांगता दिसत हुतं, पाय उलटा पडलेला. त्यो मला म्हनला, "मेंढरं आवर बाबा, गाडी येईल." मेव्हना कडंला दगडावर बसलेला, डावं मनगट सुजून बोरीच्या खोडावानी झालेलं. माझ्याकडं बघून म्हनला, "पाय दिलता, दाजी. मी पाय दिलता."

टेम्पोत दोघांना घातलं न् दवाखान्यात धाडलं. बिटाचा हवालदार आला, कागद बघितले, समदे बरोबर. म्हनला, "उद्या गाडी ठाण्यात आना. आरटीओचे साहेब तपासतील." एवढं सांगून त्यो गेला.

दिवस बुडायला, मी वळणावर गाडीपाशीच बसलेलो, तवा मिस्त्री आला. फटफटीला बांधून चाक आनलं हुतं.

"ह्ये कावून?" मी म्हनलो.

"उद्या साहेब मागचं चाक उघडनार. आत काय हाय तुला ठावं हाय. मग इचारतील, आठ दिसामागं पास झाली कशी? तू सांगशील का मी?"

त्येनं चाक फटफटीवरनं सोडून खाली ठेवलं.

"तुझी गाडी जप्त, माझं दुकान बंद, न् पाच वाड्यांच्या गाड्या परत मशीनवर. लोकं दूध कसं घालतील?"

"मग मेव्हना?"

"त्येला काय होतंय? मनगट जुळून येईल."

त्येनं पाना माझ्या हातात दिला. मी नट सोडले. कुनी बळजबरी केली न्हाई. पुढची वायर मी सोता आवळली. जुनं चाक घरी आनून कडब्यात कोंबलं. आसं काम मी आयुष्यात येवढ्या झपाट्यानं कदी केलं न्हाई. माझी बायको तर म्हनती, मला दावं बांधायला बी आर्धा तास लागतो.

दुसऱ्या दिशी ठाण्यात गाडी न्हेली. मेव्हना गळ्यात हात आडकवून आलता. साहेबानं गाडी पुढं ढकलली, ब्रेक दाबला. चाक हुबं. परत ढकलली, परत हुबं. पुढचा बी दाबून बघितला. लिहून घेतलं.

"ब्रेकमध्ये दोष नाही," साहेब म्हनला.

हवालदार मेव्हन्याकडं वळला. "मग तुजीच चूक, ड्रायव्हर."

मेव्हना गाडीकडं बघत हुता. खाली बसला, बऱ्या हातानं चाक फिरवलं, ब्रेक दाबला. चाक हुबं ऱ्हायलं. त्यो कपाळाला आट्या घालून सोताच्या पायाकडं बघायला लागला. "आसंल साहेब," त्यो म्हनला. "मला वाटलं पाय दिला."

तवा समदे माझ्याकडं बघायला लागले, कारन काय तरी बोलायची माझी खोड. न् मी बोललो. म्हनलो, "आमच्या पाव्हन्याला बसची सवय हाय साहेब. मागं लेकरं कालवा करीत नसली की ब्रेक सापडत न्हाई त्येला."

साहेब हासला. हवालदार हासला. मेव्हना बी हासला, मान खाली घालून.

त्यो हासला नसता तर बरं झालं आसतं.

केस झाली. शाळेनं सांगितलं, केसचं काय हुतंय ते कळूस्तोवर बसवर येऊ नको, लेकरांचा मामला हाय. दुसरा ड्रायव्हर बसला. मेव्हना त्यावरनं भांडला न्हाई. उलट शाळेला म्हनला म्हनं, बरोबर हाय, मीच न्हाई येत. म्हातारा मेंढक्या अजून खाटंवर, त्याची मेंढरं भावकीनं वाटून घिऊन चारायला न्हेलेली.

बायकोला चाक कडबा काढताना सापडलं. तिनं त्ये वडून आंगनात आनलं न् माझ्या म्होरं ठेवलं. ड्रमात हात घातला, काळा भुगा निघाला, चिमटीत धरला.

"ह्ये हितं हाय तर गाडीला कोन्तं हाय?"

मी म्हनलो, "गाडीला बी हौस आसती, दोन जोड—"

"माजा भाऊ हाय त्यो," ती म्हनली. तेवढंच. वरडली न्हाई. वरडली आसती तर मी चार गोष्टी सांगून सुटलो आसतो, तीस वर्षं तसाच सुटत आलोय. तिनं भुगा पदराला पुसला न् म्हशीकडं गेली. दोन दिवस घरात भांड्याचा बी आवाज झाला न्हाई.

तिसऱ्या दिशी मी सिरसाळ्याला गेलो. यष्टीनं. मेव्हना ओट्यावर खुर्ची टाकून बसलेला. मी पायरीवर बसलो. त्यो बोलत हुता, म्हशी किती दूध देतेत, पानी कसं हाय. न् त्याचा उजवा पाय सारखा खाली दाबत हुता. फरशीवर. दाबायचा, सोडायचा. त्येला ठावं बी न्हवतं.

मग म्हनला, "दाजी, एक इचारू? हासू नका. समोर मेंढरं दिसली न् मी पाय दिला का न्हाई, ह्येच मला आता आठवंना. आधी आठवत हुतं. ब्रेक तर चांगला निघाला. मग पाय दिलाच नसंल. उद्या बसमधी चाळीस लेकरं आसताना आसं झालं तर? मी तर ठरवलंय, केस सुटली तरी हात लावायचा न्हाई."

"पाय दिलता तू," मी म्हनलो.

"तुमी कुठं हुता तिथं."

"दिलता. ब्रेकच न्हवता." न् मी समदं सांगितलं. पातेलं, चाक, कागद, टाचेचे चार शब्द, पाना, कडबा. त्यो आधी हासायच्या तयारीत ऱ्हायला, माझी गोष्ट शेवटाला पलटी खाती म्हनून. गोष्ट सपली. त्याचा पाय थांबला.

मला वाटलं मारील. मारलं आसतं तर हिशोब फिटला म्हनून मी घरी गेलो आसतो.

"ह्ये साहेबाम्होरं सांगाल?"

"मिस्त्री मरंल. पाच वाड्या मला जाळतील."

"त्ये न्हाई इचारलं मी."

"सांगीन," मी म्हनलो.

त्यो उठला न् एका हातानं बूट घालायला लागला. मी म्हनलो उद्या जाऊ, सकाळी सकाळी. त्यो म्हनला, "उद्या तुमाला काय तरी इनोदी सुचंल." नाडी मला बांधायला लावली.

आमी तेलगाववरनं धारूरच्या यष्टीत बसलो. त्यो खिडकीला, मी शेजारी. घाट लागला. बस चढत हुती, वरनं फटफट्या उतरत हुत्या. दूधवाले, एक नवराबायको मधी लेकरू घिऊन, दोघं पोत्यावर बसलेले. निम्मे तोंडओळखीचे, आमच्याच वाड्यांचे. समद्यांच्या पिशवीत पाच वर्षांचा कागद. वळणावर एकेकाचा पाय खाली यायचा न् टाच डांबरावर घासत जायची. मेव्हना ते बघत हुता.

मग एक जन आला, पायात बूट, वळणावर बी पाय वरच, माझ्या वळखीचा न्हवता. पाव्हना आसंल कुनाचा. आमच्या बसला हात करून खाली गेला.

मेव्हन्यानं खिडकीतनं मान काढून मागं बघितलं. मला मागं बघवलं न्हाई. मी नुस्ता कान देऊन बसलो.