वर्षालीला मिळालेले नकार

वर्षाली वालावलची. २००८ साली आमच्या मालवणच्या शाळेत गणिताला आली, आणि तेव्हापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. उगाच कशाला लपवू? मी सुगंधा, त्याच शाळेत गणित शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले. दहावीचं गणित म्हणजे माझंच. ते दुसऱ्या कुणाच्या हातात जावं? शक्यच नाही.

ही बया धडा संपला की मुलांना कॉम्प्युटरच्या खोलीत न्यायची. इंटरनेटवर तिने प्रश्नावली बनवलेली. मुलं क्लिक करून उत्तरं देणार, आणि कुणाला काय समजलं नाही ते हिला लगेच तक्त्यात दिसणार. मी मात्र वह्यांचे गठ्ठे घरी नेऊन लाल पेन झिजवायची. वर हिचं गोड बोलणं, "बाई, तुम्हालाही करून देऊ का?" नुसता जळफळाट! "नको गो, माका माजो खडू बरो," मी म्हटलं.

२०१०च्या मार्चात हेडसरांनी कहरच केला. दहावीला गणित कोणी शिकवायचं, ते म्हणे नववीच्या मुलांनाच विचारायचं. तेही हिच्याच प्रश्नावलीतून, मुलांची नावं न घेता; प्रत्येक बाईपुढे 'होय' की 'नाही', आणि का ते.

कॉम्प्युटर चारच, म्हणून सगळी नववी दाटीवाटीने उभी. मी व्हरांड्यात कान टवकारून. माझ्या नावाचा प्रश्न आला तसा वर्गाच्या मॉनिटरने, प्रितेशने, देवाला गाऱ्हाणं घालणाऱ्या देवळातल्या गुरवासारखा सूर लावला, "दहावीक सुगंधाबाईच रवांदेत रे म्हाराजा!" आणि सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, "होय म्हाराजा!" माझा ऊर भरून आला. वर्षालीचं नाव आलं तेव्हा मात्र नुसती कुजबुज आणि वादावादी. जिरली, म्हटलं.

निकालात मला एकजात 'होय'. तिला कितीतरी 'नाही', खाली कारणंसुद्धा. भूमिती घाईत उरकतात, मागच्या बाकांकडे बघत नाहीत. ती हसली, "बरोबर आहे पोरांचं," म्हणाली आणि दुसऱ्याच दिवशी भूमिती पुन्हा शिकवायला घेतली. मेलीला लाजसुद्धा वाटली नाही.

दहावी माझ्याकडेच राहिली. त्या रविवारी मासळीबाजारात नववीतली अक्षदा दिसली, आईच्या माशांच्या पाटीशेजारी बसलेली. मी लाडात येऊन विचारलं, "काय गो, मी इतकी आवडतंय तुमका?"

ती गोंधळली. "बाई, गाऱ्हाण्यात नाय कोण म्हणता? देव कोपतलो मां!" मग जीभ चावून हळूच म्हणाली, "वर्षालीबाईंक नाय म्हटला तर चलता. त्या रागावनत नाय."

बांगडे न घेताच मी घरी आले. दहावी माझीच आहे. पण माझ्याशी खरं बोलायची एकाही पोराची छाती नाही, आणि तिच्याकडे एवढे नकार, कारणांसकट! त्यातला एक तरी माझ्या वाट्याला यायला हवा होता.