उप्सालाच्या टेकड्या आणि माझा होकार

बुलढाण्याहून निघताना शेजाऱ्यांनी एकच बजावलं होतं, "पोरीले नाही म्हणून सांगून या." माझी एकुलती एक मीनल स्वीडनमध्ये नोकरी करते. तिथलं नागरिकत्व घ्यायचं तर आपलं सोडावं लागतं. माझ्या होकारासाठी तिने अर्ज अडवून ठेवला होता. मीही 'नाही' घेऊनच निघालो होतो. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. मुळं सोडू नयेत, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

उप्साला गाव देखणं, पण मुकं. मीनल कामावर गेली की माझ्याशी बोलायला चिटपाखरू नसे. बायको गेली तेव्हाही इतकं एकटं वाटलं नव्हतं.

एका सकाळी जुन्या उप्सालाला गेलो. गवताळ टेकड्यांखाली जुने राजे पुरलेत म्हणतात. फलकावर वाचलं, की इथले 'स्वेआर' आणि दक्षिणेकडचे 'येतार' मिळून हळूहळू हा देश झाला. राजा निवडला तरी भागत नसे. त्याला घोड्यावरून प्रांतोप्रांती फिरून प्रत्येक 'टिंग'चा (लोकांच्या सभेचा) होकार घ्यावा लागे.

बाकावर एक आजी बसल्या होत्या. बाकीचे बाक रिकामे होते, पण एकट्या माणसाला टाळून लांब बसणं आमच्याकडे बरं दिसत नाही. मी शेजारी टेकलो. त्या दचकून सरकल्या. मी आपल्या सवयीने, इंग्रजीत, विचारलं, "मूळ गाव कोणतं?"

त्या म्हणाल्या, "वडिलांचे पूर्वज बेल्जियमकडचे लोहार. आई फिनलंडची."

"मग तुम्ही स्वीडिश कशा?"

"इथे राहते, इथे मत देते," त्या म्हणाल्या, आणि उठून गेल्या.

जेवताना मीनलला राजाच्या फेरीची गोष्ट सांगितली. ती ताटाकडे बघत म्हणाली, "मंग मी काऊन थांबली असंन, बाबा? इथलं सरकार निवडायले मले मत नाही. पण तुमच्या होकाराबिगर सही करवत नाही."

"कर सही," मी म्हणालो. दिल्या घरी सुखी राहा, असं आपण मुलीला म्हणतोच की. पण ताटातलं तसंच ठेवून उठलो.

परतताना मलकापूरला रेल्वेतून उतरून बुलढाण्याची एसटी धरली. शेजारच्या सीटवरच्या काकांनी विचारलं, "कुठून येऊन राह्यले, भाऊ?"

"पोरीकडून. स्वीडनले असते."

"लय दूर. दिवाळीले येते ना घरी?"

"येईन पोरगी," मी म्हणालो. "इथला व्हिसा भेटला तं."