सतरा नंबरची माती

लग्न होऊन जयपूरला आले तेव्हा मला वाटलं होतं, नवरा सरकारी नोकरीत म्हणजे टेबलाशी बसून सह्या करत असेल. पण हे घरी यायचे ते बुटात, खिशात आणि कानांत वाळू घेऊन. मातीच्या पाहणीचं काम होतं. गावोगावी जायचं, शेतात खड्डा खणायचा, तिथली माती पिशवीत भरून आणायची आणि तिच्यात काय पिकेल ते लिहायचं. पिशव्या मी शिवायची, जुन्या परकरांच्या. नोकरी अजून कच्ची होती. अहवाल साहेबांना पसंत पडला की पक्की होणार, हे ह्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की तो अहवाल मला न वाचताच पाठ झाला होता.

बनी पार्कातल्या आमच्या भाड्याच्या घराला गच्ची होती. जिन्याच्या सावलीत हे वर्तमानपत्रांवर माती वाळत घालायचे, प्रत्येक कागदावर नंबराची चिठ्ठी. पलीकडे उन्हात माझ्या कुरडया. जाताना रोज बजावायचे, "आंधी आली तर आधी नमुने आत घे."

एका दुपारी आभाळ पिवळं झालं. मी धावत वर गेले आणि, आता लपवून काय करू, आधी कुरडया उचलल्या. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, हात भाजून घेऊन केलेल्या त्या. मग सोळा कागद कसेबसे आत नेले. सतरावा टाकीला चिकटलेला सापडला, नुसता कागद. माती शेजारच्या कॉलनीत गेली असावी.

मोरीपाशी घासलेटच्या जुन्या डब्यात मी अळू लावलं होतं. कऱ्हाडहून येताना त्याचे कांदे आणले होते, माहेरच्या काळ्या मातीसकट. त्यातली चार मुठी माती घेतली, रंग जुळावा म्हणून गच्चीवरची वाळू मिसळली आणि भरली सतरा नंबरच्या पिशवीत. माती ती माती, कोण बघतंय, म्हटलं.

महिन्याभरानं हे घरात आले ते जवळजवळ नाचत. "अगं, चाकसूच्या पुढं त्या एका शेतात सोनं निघालंय. चहूकडे वाळू आणि मधेच ही माती. काय तिचा कस, काय पाणी धरते. साहेब म्हणतात, तिथं भाजीपाल्याचा प्रयोग करायचा. उद्या जीप घेऊन स्वतः येताहेत."

माझी पोळी तव्यावरच करपली. ह्यांचा चेहरा इतका फुललेला, की बोलवेना. म्हटलं, "मीही येते. दशम्या करून घेते."

जीपमध्येही तोंड उघडलं नाही. साहेब पुढं बसून वाटभर ह्यांचं कौतुक करत होते. शेतावर पोचलो. ह्यांनी माती उचलली, ती बोटांतून सरळ खाली गेली. पुन्हा उचलली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा ह्यांचा चेहराच मातीसारखा झाला.

शेताची मालकीण घुंघट सावरत आली होती. भाजीपाल्याचं ऐकून ती पोट धरून हसली. मला म्हणाली, "बाईसा, इथं घागर ओता, पाणी चाळणीतून गेल्यासारखं जातं. बाजरी होते, मोठ होते. भाजी पाहिजे तर जयपूरच्या बाजारात जा." मोठ म्हणजे आपली मटकी.

आता गप्प राहिले असते तर ह्यांची नोकरी गेली असती. मी म्हटलं, "अहो, सतरा नंबर आंधीत उडाली. पिशवीत भरली ती माझ्या अळूची."

"आणि बाकीचे सोळा?" ह्यांनी विचारलं.

"ते जसेच्या तसे. मी आधी कुरडया वाचवल्या, तरी एकच गेला. माती काय, जिल्हाभर पडलीय."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "भाभीजी, उसमें डालती क्या हैं आप?"

सांगितलं. चहाचा चोथा, तांदळाचं धुवण, भाजीची सालं, शेणखत, अधूनमधून ताकाच्या भांड्याचं विसळण. साहेब ह्यांना म्हणाले, "लिख लीजिए." मग म्हणाले, "और सत्रह नंबर दोबारा लीजिए, अभी." पिशवी कुणीच आणली नव्हती. दशम्या पदरात घेतल्या आणि डबा पुढं केला.

अहवालात सतरा नंबरपुढं वाळू, बाजरी आणि मोठ असं आलं. नोकरी पक्की झाल्याचं पत्र दिवाळीच्या आत आलं. ह्यांनी गच्चीवर खडूनं रेघ मारली, अलीकडं सरकारी, पलीकडं घरगुती.

पुढच्या उन्हाळ्यात आंधी आली तेव्हा हे घरी होते, आणि माझ्या आधी वर पळाले. मी जिना चढून पोचते तो हे छातीशी कुरडयांची चादर धरून खाली येत होते.

"अहो, आणि नमुने?"

"माती काय," हे म्हणाले, "जिल्हाभर पडलीय."