हसण्यातला वाटा

स्वीडनमधल्या हर्नेसांदच्या किनाऱ्यावर गुनवोर सेदरहोल्मचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता, चेहरा मात्र फारसा कोणाच्या नाही. वीसेक वर्षं ती रेडिओवर समुद्रावरच्या हवामानाची बातमी वाचत होती. कुठल्या दीपगृहापाशी वारा किती, धुकं कुठवर, बर्फ कुठे फुटलाय. वादळ असो की लख्ख ऊन, आवाज एकच, सपाट आणि स्वच्छ. मच्छीमार म्हणायचे, उद्या जग बुडणार असलं तरी ही बाई ते वाऱ्याच्या दिशेसकट नीट वाचून दाखवेल.

मग ते काम स्टॉकहोमला गेलं आणि तिथे एका यंत्राकडे. त्याच्या आदल्या हिवाळ्यात तिचा नवरा एस्किल गेला होता. रिकाम्या घरात ती रेडिओसुद्धा लावत नसे. अशात गावातल्या चित्रपटगृहाला एक माणूस हवा होता: पडद्यावर काय दिसतंय ते अंध प्रेक्षकांना सांगणारा. गुनवोर गेली, कारण नाही म्हणायला काही कारण सापडलं नाही.

काम ऐकायला सोपं. मागच्या रांगेच्या मागे काचेची लहानशी खोली. समोर माइक. अंध मंडळींच्या एका कानाला हेडफोन. पात्रं बोलायची थांबली की त्या फटीत गुनवोरने बोलायचं. ‘बाई दार उघडते. आत कोणी नाही. टेबलावर दोन कप.’ पुन्हा संवाद सुरू व्हायच्या आत गप्प बसायचं.

तिच्या श्रोत्यांत दोघं पक्की. हिल्डिंग नोरेल हा गोदीतला जुना वेल्डर. मधुमेहाने चाळिशीत डोळे नेले, जीभ मात्र शाबूत ठेवली. आणि मायलिस, जन्मापासून अंध, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. ती सिनेमाभर विणत बसायची आणि एक टाका चुकत नसे.

“त्या घोड्याचा रंग सांगितलास,” हिल्डिंग मध्यंतरात ओरडायचा, “पण गेला कुठे तो? अजून माझ्या डोक्यात उभाच आहे!”

गुनवोर हसायची. एस्किल गेल्यावर बऱ्याच दिवसांनी ती अशी हसायला लागली होती.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी बेटावरच्या लग्नाचा चित्रपट लागला. तो दोन भागांत होता. पहिला सगळा नवऱ्या मुलाच्या धाकट्या भावाच्या नजरेने, नुसती धमाल. म्हातारी आई अंगठी सॉसच्या भांड्यात टाकते, सुनेला भलत्याच नावाने हाक मारते, खुर्चीला मिठी मारून नाचते. भाऊ हसतो, पाहुणे हसतात, थिएटरही हसतं. मग अर्ध्यावर पडदा काळा होतो आणि तीच सकाळ पुन्हा उजाडते, या वेळी आईच्या बाजूने. आपलं घर तिला ओळखू येत नाहीये. अंगठी हरवू नये म्हणून ती जपून एका ‘डबीत’ ठेवते. सुनेला हाक मारते ते नाव तिच्या गेलेल्या मुलीचं असतं. तीच माणसं, तेच विनोद, पण आता हसू कोणाच्या तोंडावर टिकत नाही.

गुनवोरने तयारीसाठी तो घरी आधीच पाहिला होता, आणि घोळ तिथेच झाला. पुढचं सगळं ठाऊक असल्यामुळे पहिल्या भागातच तिचा आवाज जड झाला. ‘आई अंगठी सॉसच्या भांड्यात टाकते,’ हे वाक्य तिने असं उच्चारलं, जसं कोणी दवाखान्यातली बातमी सांगावी.

खेळ सुटला. बाहेरच्या दालनात कॉफी आणि दालचिनीचे बन मांडलेले होते. हिल्डिंगने कपाला हात लावला नाही.

“आज काय झालं होतं तुला?” त्याने विचारलं.

“का? काही सुटलं का?”

“सुटलं काही नाही, उलट जास्तच आलं. सगळं थिएटर खदाखदा हसतंय आणि आम्ही आठजण ठोकळ्यासारखे बसलोय. मला वाटलं, विनोद समजण्याइतकीही आपल्याला अक्कल राहिली नाही.”

“अरे, पण त्या बाईचं पुढे काय होणार होतं ते...”

“तुला ठाऊक होतं! त्यांना नव्हतं. म्हणून ते हसले, आणि मग दुसऱ्या भागात त्यांना आपल्याच हसण्याची लाज वाटली. शेजारचा माणूस कसा गप्प झाला ते मी ऐकलंय. आम्हाला ती लाजही मिळाली नाही, गुनवोर. तू आमच्या वाट्याचं आधीच रडून टाकलंस.”

मायलिस विणत होती. 

गुनवोर घरी गेली ती बंदराच्या कडेने, लांबच्या वाटेने. पाण्यावर अजून बर्फाचा थर होता. हिल्डिंगचं बोलणं लागलं होतं, कारण ते खरं होतं.

तिने ठरवलं, आता चित्रपट आधी बघायचाच नाही. श्रोत्यांना कळेल तेव्हाच आपल्याला कळेल. पुढच्या रविवारी ती अशीच कोरी जाऊन बसली. रहस्यपट होता. अंधाऱ्या गल्लीत एक माणूस उभा. गुनवोरने सांगितलं, ‘त्याच्या हातात छत्री आहे.’ दुसऱ्याच क्षणी धाडकन बार उडाला आणि समोरचा कोसळला.

“छत्रीने मेला!” हिल्डिंग अंधारातून मोठ्याने म्हणाला, आणि डोळस प्रेक्षकसुद्धा वळून बघायला लागले.

ती वाट बंद झाली. मग एकदा तिने आपला जुना रेडिओवरचा आवाज काढला, कशाचाच रंग नसलेला. तेव्हा हिल्डिंगने वारा कुठल्या दिशेचा आहे एवढंच विचारलं.

महिन्याभराने लोकांच्या मागणीवरून लग्नाचा चित्रपट परत लागला. हिल्डिंगने मुद्दाम पुन्हा तिकीट काढलं. गुनवोरने तो आणखी एकदा पाहिला, पण या वेळी आईकडे नाही, त्या भावाकडे बघत. तो दुष्ट नव्हता. आईवर त्याचा जीव होता, म्हणूनच तर तो हसत होता. हसण्यापलीकडे काही असेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याच्या शेजारी बसून सांगायचं म्हणजे आपणही हसणाऱ्यांतलं एक व्हायचं. हे तिला जड गेलं. भोळ्या, भांबावलेल्या बाईला हसायचं, आणि तेही सगळं माहीत असताना!

तरी तिने ते केलं. ‘आई इकडे बघते, तिकडे बघते, आणि अंगठी... टुपकन सॉसमध्ये!’ काचेतून तिला हिल्डिंगचे खांदे गदगदताना दिसले. हेडफोनवाली सगळी रांग हसत होती, बाकीच्यांबरोबर, त्याच क्षणी.

मग पडदा काळा झाला. ‘आता आपण आईच्या नजरेने बघतो,’ असं म्हणायचं तिने आधी मनाशी ठरवून ठेवलं होतं. ते तिने सांगितलं नाही. डोळस लोकांना तरी कोण सांगत होतं? ती फक्त म्हणाली, ‘सकाळ. पांघरुणावर दोन हात, सुरकुतलेले. हात भिंत चाचपतात. दार सापडत नाही.’ कोणाला लगेच कळलं, कोणाला जरा वेळाने. खेळ संपल्यावर थोडा वेळ कोणीच उठलं नाही.

कॉफीपाशी हिल्डिंगने तिचा हात शोधून धरला.

“लाज वाटली बरं का मला,” तो म्हणाला. “मनापासून. पण तुला जमलं कसं हे, ठाऊक असून?”

गुनवोरने कधीच कोणाला सांगितलं नव्हतं ते तिथे उभ्या उभ्या सांगितलं. एस्किलची तपासणी झाली तेव्हा तो गुंगीत होता. डॉक्टरने तिला बाहेर बोलावून सांगितलं, “आजाराचं निदान वाईट आहे. संध्याकाळी तो पूर्ण शुद्धीवर आला की मी स्वतः त्याच्याशी बोलेन.” ती आत गेली, एस्किल जागा झाला. तिने एवढंच विचारलं, “कॉफी घेतोस?” तो तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “अस्सं. म्हणजे तसं आहे तर.”

“आयुष्यभर वादळं वाचली मी, आवाज हलला नाही,” ती म्हणाली. “आणि त्या एका प्रश्नात सगळं बाहेर सांडलं. निदान ती दुपार तरी त्याची राहिली असती.”

हिल्डिंगने तिचा हात सोडला नाही.

“मला माझ्या डोळ्यांचं कळलं ते एका कोवळ्या डॉक्टरकडून,” तो म्हणाला. “सांगताना तो घड्याळ बघत होता. जवळजवळ शेवटचं नीट दिसलेलं तेच, त्याचं ते घड्याळ. तुझ्या एस्किलला तुझ्याकडून कळलं. मला विचारशील तर त्याचं बरं झालं.”

गुनवोरने या गोष्टीकडे इतक्या दिवसांत त्या बाजूने एकदाही पाहिलं नव्हतं. ती पर्समध्ये रुमाल शोधत राहिली.

“मला मात्र पहिल्या वेळचंच आवडलं होतं,” मायलिस एकदम म्हणाली. विणकाम तिने पिशवीत भरलं होतं.

“काय सांगतेस! पहिल्या वेळी तर नुसतं सुतक होतं,” हिल्डिंग म्हणाला.

“असू दे. माझी आई तशीच गेली. तिला हसणारे मी पुष्कळ ऐकलेत. पहिल्या वेळी त्या सगळ्या खिदळण्यात एक आवाज तरी असा होता, जो तिला हसत नव्हता. आज तोही नव्हता.”

गुनवोर म्हणाली, “मायलिस, मला दोन्ही एकदम नाही गं जमत.”

“ते कळतंय मला,” मायलिस म्हणाली. “पण सांगितल्याशिवाय राहवेना.”

पुढे आठ-नऊ वर्षं गुनवोर त्या काचेच्या खोलीत बसली. मायलिस प्रत्येक खेळाला येत राहिली आणि प्रत्येक खेळानंतर हिल्डिंगशी तिचा वाद व्हायचा: सांगणारीने कोणाच्या बाजूने बसावं? गुनवोर दोघांना कॉफी आणून द्यायची आणि ऐकायची. कधी तिला हिल्डिंगचं पटे, कधी मायलिसचं. आणि पुढचा चित्रपट घरी बघताना ती दोघांनाही मनात शेजारी घेऊन बसे.