आजोबांचा केक आणि टेसाचं अपील

ऑर्व्हिल आजोबा फौजेतले निवृत्त हवालदार. अमेरिकेत नेब्रास्कातलं त्यांचं अख्खं गाव त्यांच्या आवाजाला बिचकायचं आणि ते बिचकायचे फक्त बायकोला. मधुमेह झाल्यापासून लॉर्नाने त्यांचं गोड साफ बंद केलं होतं. म्हणून रविवारच्या चर्चच्या जेवणासाठी तिने केलेला केक ते आदल्या रात्री गुपचूप खायचे आणि झोपलेल्या नातीच्या उशीवर चुरा सांडून ठेवायचे. टेसा झोपेत चालते, हे घरात कायमचं ठरून गेलं.

मोठेपणी टेसा फौजेत भरती झाली. "काही आजार लपवला असेल तर आत्ताच बोला," असं पहिल्याच आठवड्यात साहेबांनी विचारल्यावर त्या भाबड्या पोरीने हात वर केला. "सर, मी झोपेत चालते. केकसुद्धा खाते."

झालं! वैद्यकीय नियमात बसत नाही म्हणून तिला घरी पाठवलं.

टेसाने अपील केलं. सुनावणीत आजोबा ताडकन उभे राहिले. "साहेब, पोरगी ठणठणीत आहे. केक मी खायचो!"

साहेबांना हसू आवरेना. आजोबांची मात्र शेजारी बसलेल्या बायकोकडे बघायची छाती होईना.

"तू कधी तोंड उघडतोस तेच बघत होते," लॉर्ना म्हणाली. "चर्चचा केक मी शेजाऱ्यांकडे ठेवायचे, ऑर्व्हिल. टेबलावरचा तुझ्यासाठीच असायचा. बिनसाखरेचा."

अपील मंजूर झालं. टेसाने आजोबांना कडकडून मिठी मारली, पण त्यांचं लक्षच नव्हतं.

"म्हणजे इतकी वर्षं," ते धुसफुसत म्हणाले, "मी चोरून पथ्य पाळत होतो?"